घड्याळजीचा मुलगा आणि आमची कात्री

आमच्या शिवणकामाच्या दुकानात दोन कात्र्या आहेत. छोटी दोरे तोडायची, ती माझी. मोठी कापड कापायची, ती बाबांची, आणि तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. मी काजं करते, बटणं लावते, अस्तर घालते, बाह्या जोडते, उशीर झाला की गिऱ्हाइकांची बोलणीही खाते. पण टेबलावर कोरं कापड अंथरलं की मी बाजूला. तिशी उलटली तरी बाजूलाच. "अजून तुझा हात बसायचाय," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. कापडावर पडल्याशिवाय बसणार कसा म्हटलं, तर म्हणाले, "बसला की बोलू."

त्यात बाजारातल्या मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंनी बोलावून घेतलं. त्यांचा कटिंग मास्टर सोडून चालला होता. येतेस का, म्हणाल्या, शनिवारपर्यंत सांग. खरं सांगते, मला जायचं नव्हतं. मला माझ्याच दुकानात, त्याच टेबलावर, तीच कात्री हवी होती. पण मागायची कशी? मागितली की भांडण, आणि भांडण झालं की आमच्या दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवायचं काम आईकडे.

मग म्हटलं, कादंबरी बोलेल.

ती माझ्या उशाशीच असते. शाळेत असताना रद्दीच्या दुकानातून उचललेली. पुठ्ठा सुटला तेव्हा मी त्याला अस्तराची पट्टी चिकटवली. एक घड्याळजी, त्याचं अरुंद दुकान आणि त्याचा मुलगा. मुलानं पट्टे बदलायचे, काचा पुसायच्या. घड्याळ उघडायचं नाही. पोराचे केस पिकायला लागतात तरी नाही. पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, हा लेखक आमच्याकडे माप द्यायला येऊन गेला की काय! घड्याळजी तोंडात बारके स्क्रू धरतो, बाबा टाचण्या धरतात. त्यामुळे दोघांनाही 'हं'च्या पलीकडे उत्तर देता येत नाही. घड्याळजीची बायकोसुद्धा थेट आमची आई. बाप-लेकाची जुंपली की हिला नेमके वाळत घालायचे कपडे आठवतात.

"वाचा, चांगली आहे," म्हणून मी ती बाबांच्या हातात दिली. मनात म्हटलं, बघा आता स्वतःचं तोंड.

बाबांचा आणि पुस्तकांचा संबंध तसा बेताचाच. पण वाचायला लागले. आधी जेवताना, मग गिऱ्हाईक समोर उभं असताना. एका गृहस्थांची कंबर मोजता मोजता थांबले आणि एकदम म्हणाले, "काय नग आहे हा म्हातारा!" ते गृहस्थ बिचारे पोट आत ओढून उभे राहिले. शुक्रवारी दुपारी तर बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हटलं, लागलं! बरोबर वर्मी लागलं.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"अगं, ही तर आपल्याच घरातली गोष्ट!"

"हो ना?"

"हुबेहूब! हा म्हातारा म्हणजे आमचे अण्णा. तोच ताठा, तोच हट्ट. आणि तो पोरगा म्हणजे मी."

अण्णा म्हणजे बाबांचे वडील, दुकान त्यांनीच काढलेलं. मी पाळण्यात असतानाच ते गेले. मी आईकडे पाहिलं, तर ती तोंडावर हात दाबून हसत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो पोरगा तुम्ही? मग मी कोण यात?"

बाबांनी खरोखर विचार केला. "तू नाहीस," म्हणाले. "त्यात कुणाला मुलगी नाहीये."

धन्य! मी कपाळावर हात मारून घेतला. "ठीक आहे," म्हटलं, "सोमवारपासून मी मोठ्या दुकानात जाते. तिथं कात्री हातात देतात." बाबांच्या तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी ते 'हं'च म्हणाले. आई कपडे वाळत घालायला गेली.

संध्याकाळी दुकान आवरताना बाबा आपणहून बोलले. "अण्णांनी मला कात्री दिलीच नाही. ते गेले, तेव्हा एक कोट अर्धा कापून टेबलावर पडला होता. मग उचलली मी. पण कापायला हात धजेना."

"चुकायच्या भीतीनं?" मी विचारलं. आवाजातला राग मी मुळीच कमी केला नव्हता.

"छे! चुकलो तर ओरडायला कुणी नव्हतं म्हणून. सारखा मागे वळून बघत होतो. तो पोरगा बघतो ना, बाप गेल्यावर पहिलं घड्याळ उघडताना? तसा. तिथं मला पुढं वाचवेना."

ते पान मी कितीदा वाचलं असेल! दर वेळी वाटायचं, सुटला बिचारा एकदाचा. तो मागे वळून बघतो, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मला एकदम रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

"मूर्ख होता," बाबा शटर ओढत म्हणाले.

"कोण? अण्णा?"

"तो पुस्तकातला म्हातारा."

शनिवारी सकाळी मी दुकानात आले, तर वकीलबाईंच्या कोटाचं कापड टेबलावर अंथरलेलं. कोरं, खडूची एक रेघ नाही. त्यावर मोठी कात्री. बाबा माझ्या जागी, बटणांच्या डब्यापाशी उभे.

"काप," म्हणाले.

"हे? अहो, केवढ्याचं आहे ते! आधी एखादं साधं तरी—"

"काप म्हणतोय ना. मी आहे ओरडायला."

आई दारातच होती. "मालकीणबाईंना मी कळवते," एवढंच म्हणाली, पण गेली नाही. कपडे तसेच बादलीत पडले होते.

मी खडू उचलला. कात्री एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं, म्हणून ती आधी नीट उजव्या हाताशी ठेवली. खडू कापडाला टेकतोय न टेकतोय, तोच मागून ओरडा आला, "अगं, कापडाची उलट-सुलट बाजू बघितलीस का आधी?"

मी मागे वळून पाहिलं. बाबा होते.