शबनमभाभींचा क्लोज

मालिकेची नायिका राजनंदिनी रडली की सगळं युनिट खूश व्हायचं, कारण ती खरी रडायची. ग्लिसरीन नाही, डोळे चोळणं नाही. रोज संध्याकाळी घराघरांत बायका भाजी निवडता निवडता तिच्याबरोबर डोळ्यांना पदर लावायच्या. ती कुणामुळे रडते हे त्या बिचाऱ्यांना कळायचं काही कारण नव्हतं. ती रडायची शबनम शिकलगार यांच्यामुळे, आणि शबनम शिकलगार पडद्यावर कुठेच नसायच्या.

मालिकेत दोन माणसं एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलताना दिसतात ना, ती बरेचदा एकमेकांसमोर नसतातच. एकाचा चेहरा जवळून घ्यायचा असला, सेटवर त्याला क्लोज म्हणतात, की दुसरा मोठा नट खुशाल आपल्या गाडीत जाऊन गार हवेत पाय ताणून बसतो. मग त्याची वाक्यं कॅमेऱ्याशेजारी उभं राहून दुसऱ्या कुणीतरी म्हणायची. त्याला म्हणतात क्यू देणं. बहुतेक ठिकाणी हे काम हाताला लागेल त्याच्या गळ्यात पडतं आणि तो ते उरकून टाकतो. शबनमभाभी उरकायच्या नाहीत. सासूचा क्यू असला की त्या सासू व्हायच्या, दारू पिऊन आलेल्या दिराचा असला की दीर व्हायच्या. समोरची पोर कोलमडून रडायची, टेक ओके व्हायचा, सगळे राजनंदिनीसाठी टाळ्या वाजवायचे आणि भाभी आपल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन गुडघे चोळत बसायच्या.

कागदोपत्री त्या मालिकेत 'शेजारीण' होत्या. म्हणजे घरात लग्न असलं की मागच्या रांगेत अक्षता टाकायच्या आणि मयत असलं की तोंडाला पदर लावायचा. तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं होतं. ही बाई आता मुंबईला जाणार असं तेव्हा जो तो म्हणत होता, पण घेऊन कुणी गेलं नाही. घरात सासू अंथरुणाला खिळलेली, लेक शिफा कडेवर, नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान. त्यातून सुटेपर्यंत केस पांढरे झाले. आता नवरा नव्हता, सासू नव्हती, शिफा इचलकरंजीत शाळेत शिकवत होती आणि रोज फोन करून म्हणत होती, अम्मी, आता बस कर, इकडे ये, नातवाला, अरीबला सांभाळ. भाभींनी मागच्याच आठवड्यात हो म्हणून टाकलं होतं. हा महिना संपला की सेटला रामराम ठोकायचा. ठरल्यावर त्यांना हलकं वाटलं होतं, आणि हलकं वाटल्याचं वाईटही वाटलं होतं.

त्या दिवशी सकाळी कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीच्या बाजूच्या शूटिंगच्या बंगल्यावर त्या पोचल्या तेव्हा दिग्दर्शक विश्वजित दारातच येरझाऱ्या घालत होता. हा पोरगा इथलाच, कुस्तीच्या तालमीत घुमायचं सोडून नाटकात घुसलेला.

"भाभी, घोटाळा झालाय. मोनाताईंची पाठ धरलीया. उठता येईना. आज पयल्यांदा राजनंदिनीचे क्लोज घेऊन टाकू, तुम्ही क्यू द्या. पुढचं बघतो मी."

मोनाताई म्हणजे मालिकेतल्या आईसाहेब. अख्खं घर मुठीत ठेवणारी सासू. आणि आजचा प्रसंग त्यांचाच होता. मुलगा बाहेर दुसरा संसार करून बसलाय हे आपल्याला आधीपासून माहीत होतं, हे आईसाहेब आज सुनेपुढे कबूल करणार होत्या. लेखकानेही या वेळी मनापासून लिहिलं होतं. भाभींनी नेहमीसारखा क्यू दिला. राजनंदिनी नेहमीपेक्षा जास्त रडली. मेकअपवाली पोरगीसुद्धा नाक ओढत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत विश्वजित ताट हातात घेऊनच भाभींपुढे येऊन उभा राहिला.

"मोनाताईंना गाडीत आडवं घालून मुंबईला धाडलंय. दोन महिने झोपून ऱ्हायला सांगितलंय डॉक्टरनं. आईसाहेब तुम्ही करायच्या."

"चेष्टा करू नको गा. जेवू दे मला."

"चेष्टा न्हाय. सकाळी तुम्ही क्यू देताना मी मॉनिटर सोडून तुमच्याकडंच बघत बसलोतो. निर्मात्यांच्या राजवीरला सांगितलंय. त्यो म्हणतोय आज सीन करून चॅनेलला पाठवू, त्यांना पटला तर पुढच्या आईसाहेब तुम्हीच."

"आणि न्हाय पटला तर?"

"पुण्याची एक बाई तयार हाय." खोटं बोलणं विश्वजितला जमत नव्हतं.

भाभींनी ताट बाजूला सारलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते आलं तेही असं, वाट बघून बघून कंटाळा आल्यावर. आता ना पायांत जोर होता, ना उत्साह. तरी सीनचा कागद घ्यायला त्यांनी हात पुढे केलाच. शिफाला फोन करून सांगावं असं त्यांना वाटलं, मग वाटलं, नको, आधी होऊ दे.

आईसाहेबांची जरीची साडी नेसून, मोठं कुंकू लावून त्या खाली आल्या तेव्हा सगळं युनिट आ वासून बघत राहिलं. इथपर्यंत ठीक झालं. घोडं अडलं ते पुढे.

"ॲक्शन," विश्वजित म्हणाला.

"मला सगळं ठाऊक होतं, पोरी," भाभी म्हणाल्या आणि बोलता बोलता डावीकडे सरकल्या.

"भाभी!" कॅमेरामन ओरडला. "फ्रेमच्या बाहीर गेलासा की!"

सगळे खो खो हसले. भाभीही हसल्या. इतकी वर्षं कॅमेरा सुरू झाला की त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, हे पायांना इतकं अंगवळणी पडलं होतं की पाय आपोआप चालू लागले.

दुसऱ्या टेकला पाय जागेवर राहिले, पण साउंडवाल्याने हात वर केला. "भाभी, वाक्य पुरं करा की. शेवटचे शब्द गिळताय तुम्ही."

गिळतच होत्या. क्यू देणाऱ्याने वाक्याचा शेवट हळूच सोडून द्यायचा असतो, म्हणजे समोरच्याच्या बोलण्यावर आपला आवाज चढत नाही आणि एडिटिंगला कापायला जागा राहते. हे भाभींना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच बसवलं होतं आणि त्याबद्दल त्यांना जरा अभिमानही होता. आता तेच नडत होतं.

तिसऱ्या टेकला तर कमालच झाली. राजनंदिनीचं काम संपलेलं, ती रिवाजाप्रमाणे आपल्या व्हॅनमध्ये गेलेली. भाभींना क्यू द्यायला उभा होता आदर्श, विश्वजितचा असिस्टंट. "आणि माझी जागा तिचं काय आईसाहेब," हे वाक्य तो मोबाइलमध्ये बघून असं म्हणत होता की जणू पत्ता सांगतोय. ते ऐकून भाभींना राहवेना. त्या मान हलवून त्याला धीर द्यायला लागल्या, भुवया उंचावून त्याच्याकडून दुःख काढायला लागल्या, आपला आवाज मऊ करून त्याला वाट करून द्यायला लागल्या.

विश्वजितने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "भाभी, तुम्ही आदर्शला रडवायला बघताय. क्लोज तुमचा हाय."

आता कुणी हसलं नाही. न हसणं जास्त वाईट होतं. कोपऱ्यात राजवीर, निर्मात्यांचा माणूस, पाठ फिरवून फोनवर हळू आवाजात बोलत होता. 'पुणे' एवढं भाभींना ऐकू आलं.

"धा मिनिटं थांबूया," विश्वजित म्हणाला.

भाभी जिन्याच्या पायरीवर बसल्या. जरीची साडी चुरगळेल म्हणून ड्रेसवाला ओरडला, तरी बसल्या. सोडून द्यावं, त्यांच्या मनात आलं. उठावं, कुंकू पुसावं, आपली साडी नेसावी आणि मुकाट्याने बस पकडावी. शिफाला काही सांगितलेलं नाही हे बरंच झालं. असं सोडून देणं त्यांना नवीन नव्हतं. पण आज त्यांना स्वतःची भयंकर चीड आली. लोकांनी आपल्याला बाजूला उभं केलं हे खरं, पण आता कुणी ढकलत नसताना आपण आपल्या पायांनी बाजूला होतोय, हे त्यांना फार लागलं. डोळे भरून आले आणि मेकअप खराब होईल म्हणून त्यांनी तेही आवरलं.

विश्वजित शेजारी येऊन बसला. "काय पायजे भाभी? सांगा. पाणी देऊ? चहा सांगू?"

सेटवर भाभींना काय पाहिजे असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे उत्तर काय द्यायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग कॅमेऱ्याशेजारी मोबाइल बघत उभ्या असलेल्या आदर्शकडे त्यांची नजर गेली आणि उत्तर सापडलं.

"राजनंदिनीला बोलीव. क्यू द्यायला."

विश्वजितचा चेहराच पडला. "तिचं काम झालंय ओ. मेकअप उतरवत असंल. तिला कोण सांगणार?"

दिग्दर्शक असून हा पोरगा भीत होता, आणि त्यात त्याचं चुकत होतं असंही नाही. नायिकेला उठवून दुसऱ्याचा क्यू द्यायला उभं करणं म्हणजे उद्याच्या भांडणाला आजच आमंत्रण.

"मी सांगतो," भाभी म्हणाल्या. कोल्हापूरच्या बायका अशाच 'मी सांगतो, मी जातो' म्हणतात. भाभी कठडा धरून उठल्या आणि जरीचा पदर खांद्यावर घेऊन, उन्हातून, सगळ्या युनिटच्या देखत व्हॅनपर्यंत चालत गेल्या. त्यांनी दार वाजवलं.

राजनंदिनीने दार उघडलं. टीशर्ट, केसांना चिमटा, अर्धा चेहरा पुसलेला. "भाभी? काय झालं? या ना आत."

"आत न्हाय. तूच बाहीर ये. माझा क्लोज हाय, मला क्यू द्यायचाय."

"मी?"

"मग काय माझा क्यू मीच देऊ?"

राजनंदिनी गोंधळली. पोरगी काही वाईट नव्हती. आपणही कुणाला क्यू द्यावा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं, एवढंच. "मला येत नाही हो भाभी. मी कधी दिलाच नाही कुणाला."

"ठाऊक हाय मला. तुला कोण देत हुतं हेबी तुला ठाऊक हाय. चल."

विनंती करायची म्हणून भाभी आल्या होत्या, पण तोंडातून हे असं निघालं. आता ही दार लावून घेणार, त्यांना वाटलं. लावलं तर लावलं. राजनंदिनीने आधी खाली बघितलं, मग टेबलावरचा फोन पालथा ठेवला आणि घरात घालायच्या चपला तशाच पायांत सरकवून ती खाली उतरली.

सेटवर ती कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली तेव्हा हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. पहिलं वाक्य तिने वाईट म्हटलं. दुसरं बरं म्हटलं. मग तिने मान वर करून भाभींकडे बघितलं आणि ती नुसती बघतच राहिली.

भाभी सरकल्या नाहीत. "मला सगळं ठाऊक होतं, पोरी. पहिल्या दिवसापासून." आवाज लहान होता, पण तो कुणासाठी मऊ केलेला नव्हता. "मी गप्प बसले. कारण तोंड उघडलं असतं, तर या घरात मला जागा राहिली नसती."

शेवटचा शब्द अख्ख्या दिवाणखान्यात ऐकू गेला.

"आणि माझी जागा? तिचं काय, आईसाहेब?" राजनंदिनीचा आवाज फुटला. आईसाहेबांनी इथे पाठ फिरवून निघून जायचं, असं लिहिलेलं होतं. भाभींना जाता येईना. त्या उभ्याच राहिल्या, सुनेकडे बघत, काहीही न करता, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते बघून साउंडवाल्याने श्वास रोखून धरला.

विश्वजितला कट म्हणायला उशीर झाला. मग तो ओरडलाच, "ओके! ओके भाभी, एक लंबर!"

टाळ्या पडल्या, या वेळी योग्य दिशेने. राजवीर फोन खिशात घालत पुढे आला. "मस्त, मस्त. हाच पाठवतो चॅनेलला. चला, पुढचा सीन लावा, उजेड जाईल." कॅमेरामन कॅमेरा हलवायला वाकला. कुणीतरी भाभींसाठी खुर्ची आणली, प्लॅस्टिकची नव्हे, गादीची.

भाभींनी खुर्चीकडे बघितलं. गुडघ्यांतून कळा येत होत्या, पाठ भरून आली होती, सकाळपासून उभ्या होत्या. पण झालेल्या टेकमधली एक गोष्ट त्यांना खटकली होती, जी तिथे दुसऱ्या कुणालाच कळली नव्हती. सेटवर 'वन मोर', म्हणजे टेक पुन्हा घ्या, असं म्हणायचा अधिकार दिग्दर्शकाला असतो, नाहीतर स्टारला. शेजारणीला नसतो.

"वन मोर," भाभी म्हणाल्या.

राजवीर थबकला. "अहो, ओके झालाय. उत्तम झालाय. दमलाय तुम्ही, बसा जरा."

"दमलोय की. लई दमलोय." भाभींनी राजनंदिनीकडे बोट केलं. "पर 'पहिल्या दिवसापासून' म्हणताना माझं ध्यान हिच्याकडं हुतं, हिला जमतंय का न्हाय म्हणून. तेवढं वाक्य माझं न्हाय झालं. ते चॅनेलला जायचं न्हाय. वन मोर."

राजवीरने विश्वजितकडे बघितलं. विश्वजितने हेडफोन कानांना लावला. कॅमेरामन जागेवर गेला, मेकअपवाली पोरगी पफ घेऊन धावली, आणि राजनंदिनी न सांगता पुन्हा कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली.

भाभींना बसायचं होतं. खरंच फार बसायचं होतं. त्या उभ्या राहिल्या आणि ॲक्शनची वाट बघू लागल्या.