पयला मासा पान्याचा

तो पेपर इकडं द्या बे जराक. सगळे जन निरे स्कोर वाचून राह्यले. तिकडं वेस्ट इंडीजमंधी आपली टीम खेळून राह्यली हे मलेबी ठाव हाये, पर मले त्या देशाचं नाव आयकलं का बॅट-बॉल नाई आठवत, रहेमतुल्ला चाचा आठवतो. हासू नको उकंड्या. आधी आयक, मंग हास.

आपला अब्दुल गनी होता ना, मागच्या सालापर्यंत याच खोलीत राह्यचा, आता भुसावळले रेल्वेत लागला, त्याचा हा सख्खा काका. आमच्या गावात बाजाराच्या तोंडाले बसून भाजी विकायचा. पर जवानीत तो मुंबईले पळून गेलता अन् तिथून जहाजावर चढला. सात वर्ष जहाजावर होता. वापस आला तं संग एक पत्र्याची पेटी अन् हे एवढाल्या गोष्टी.

वांगे तोलता तोलता तो सांगायचा. म्हने, वेस्ट इंडीजमंधी साहेब लोक नाव भाड्यानं घेतात. चार-पाच जन मिळून. मासे पकडाले. लोक म्हनत, त्यात काय, आमचा कडूबा भोई रोज पकडते. चाचा म्हने, तसं नाई, ते खायाले नाई पकडत, खेळाले पकडतात. नावेत खुर्ची ठोकलेली असते, खुर्चीले पट्टा असते, मानसाले पट्ट्यानं बांधतात, काऊन का मासा मानसाले वढून नेते. मंग घंटा-दोन घंटे मानूस अन् मासा एकमेकाले वढतात. मासा हारला का त्याले टांगतात, अन् बाजूले उभं राहून फोटो काढतात. चाचा म्हने, म्याबी पकडला तसा एक, मानसाएवढा.

समोर अर्जुनरावचं किरान्याचं दुकान होतं. ते तिथूनच म्हनत, "रहेमतभाई, वांगे तोला, मासा नका तोलू." अन् सगळा बाजार हासे. चाचाबी हासे. त्याले राग येत नसे. आम्ही पोट्टे तं शाळा सुटली का त्याच्या टोपल्यांपाशी जाऊनच बसायचो. गाजर खात खात आयकायचो. तशे गाजर नंतर कुठंच नाई खाल्ले मी. इथं बुलढान्यात तं नाईच.

मंग झालं असं. चाचाची पोट्टी होती गुलनार, पाचवीत. एक दिवस वर्गात मास्तरनं समुद्राचा धडा घेतला अन् हे उभी राह्यली. म्हने, माह्या अब्बांनं समुद्रात मानसाएवढा मासा पकडलता, खुर्चीले बांधून घेऊन. सगळा वर्ग हासला. मास्तरबी हासले. दुसऱ्या दिवसापासून पोट्टे तिले मासोळी म्हनाले लागले. आठ दिवस तिनं काढले, अन् मंग घरी आली अन् चाचाले इचारलं, "अब्बा, तुम्ही सच्ची पकडला होता का?"

गनी तथीच बसेल होता, त्यानंच मले सांगितलं. म्हने, अमीनाचाचीनं चाचाले भाकर वाढली, तशीच उचलून ठेवा लागली. बाजारानं खोटं म्हनलं तं चाचाले काई नोतं, पर पोट्टीनं इचारलं ते त्याले लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चाचा आमच्या घरी. म्हने, "आपन नाव भाड्यानं घेऊ. तू, मी, गनी. धरनावर. मोठा मासा पकडू अन् मलकापूरच्या फोटोवाल्याले बलावू. माही पोट्टी डोळ्यानं पाहीन, अन् फोटो शाळेत नेईन."

नळगंगेचं धरन तवा नवंच होतं. पानी चढलं होतं अन् बाभळीचे शेंडे अजून पान्याच्या वर होते, त्याच्यावर बगळे बसत. अन् कडूबाभाऊनं तवाच नवा डोंगा बनवलता, आंब्याच्या फळ्यांचा, डांबराचा वास येत होता त्याले. आम्ही त्याच्याकडं गेलो. चाचानं सगळं समजावून सांगितलं, गळ, खुर्ची, पट्टा. कडूबाभाऊनं बिडी इझवली.

"जाळं हाये ना माह्यापाशी. गळ टाकून काहाले बसता?"

"जाळ्यातला मासा खेळत नाई, कडूबाभाऊ."

"मासा काहाले खेळीन? त्याले का शाळेत घातलं?"

पर तयार झाला. एकच गोष्ट सांगितली त्यानं. "डोंगा नवा हाये. नव्या डोंग्याचा पयला मासा पान्याचा. तो जमिनीले लागला नाई पायजे, डोंग्यातूनच वापस सोडा लागते. माह्या बापानं पाळलं, आज्यानं पाळलं."

चाचा म्हने, "हाव हाव, सोडू ना." कबूल कराले काय जाते? आम्हाले वाटलं दिवसभरात दहा-बारा तं कुठी गेले नाई. पयलं एखादं बोटभर पोट्टं लागीन, देऊ सोडून. आमचं काय चुकलं ते तथीच चुकलं, पर तवा कोनाच्या ध्यानात येते?

आता खुर्ची. गावात खुर्च्या दोनच, एक शाळेत अन् एक सरपंचाकडं, अन् दोन्ही कोनी देईना. मंग गनीनं घरच्या दमनीची बैठक काढली. दमनी म्हंजे ते पाव्हने आनाची हलकी गाडी, तिची पाठ टेकाची बैठक. ते आम्ही डोंग्यात ठेवली अन् सुतळीनं बांधली. पट्ट्याच्या जागी बैलाच्या मानेत बांधाचं जोतं. चाचा त्याच्यात बसला, कमरेले जोतं आवळलं, हातात बांबू, बांबूले दोरी, दोरीले लोहाराकडून घडवून आनलेला गळ, अन् गळाले बेडकी. डोक्यावर त्याची जहाजावरची पांढरी टोपी, कडा पिवळ्या पडेल. कडूबाभाऊ म्हने, "रहेमतभाई, बैल कुठी हाये?"

काठावर गुलनार बसली, बाजूले मलकापूरचा फोटोवाला. तीन पायाचं स्टँड, काळं कापड, पायात बूट. आल्याबरोबर त्यानं सांगून टाकलं, चारची मोटार गेली का मंग मोटार नाई.

दिवाळी होऊन गेली होती. ऊन असं गोड होतं ना, पाठीवर कोनी हात ठेवल्यावानी. आम्ही सकाळपासून बसलो. दहा वाजले, बारा वाजले. मासा नाई. भाकर-ठेचा खाल्ला, कांदा फोडला. चाचा जहाजाच्या गोष्टी सांगत होता, कसं तिथलं पानी इतकं निळं का हात बुडवला तं वाटे निळा होऊन निंघीन. मी अन् गनी आयकत होतो. आयकलेल्याच गोष्टी, पर पान्यावर बसून आयकल्या तं नव्याच वाटल्या. मले आताबी कधी कधी क्लासमंधी बसल्या बसल्या तो दिवस आठवते, तो डांबराचा वास, अन् चाचा बोलता बोलता मधीच काठाकडं पाहे, गुलनार हाये का गेली म्हनून. ते बसेलच होती. उठली नाई.

दोन वाजून गेले अन् दोरी तानली.

तानली म्हंजे कशी, डोंग्याचं तोंडच फिरलं. चाचानं बांबू छातीशी धरला अन् मांगं वढला, अन् सुतळी गेली तुटून. दमनीची बैठक चाचासकट घसरत निंघाली पान्याकडं. गनीनं बैठक धरली, म्या गनीले धरलं, अन् कडूबाभाऊ वल्हं सोडून पोट धरून हासून राह्यला.

"ढील द्या, रहेमतभाई. ढील द्या."

चाचा वढूनच राह्यला.

"अरे दोरी तुटन. ढील द्या म्हनतो ना. त्याले पळू द्या, थकू द्या."

चाचाले समजेच ना. कडूबाभाऊचं हासू थांबलं. त्यानं हळूच इचारलं, "रहेमतभाई, तुम्ही याच्या आधी कधी पकडलाय का मासा?"

चाचा पान्याकडंच पाहत होता. म्हने, "तू सांग, मी तसं करतो."

मंग कडूबाभाऊ सांगत गेला अन् चाचा तसं करत गेला. आता सोडा, आता घ्या, बांबू खाली नका करू. म्या गनीकडं पाह्यलं, त्यानं नजर फिरवली. समजलं आम्हाले. पर त्या टायमाले कोनाले काय बोलनं, मासा एकडाव डाव्या बाजूले पळे, एकडाव डोंग्याच्या खालून जाये. अर्धा घंटा तरी चाललं असन. अन् मंग वर आला.

मरळ होती. हा माह्या खांद्यापासून पार बोटापर्यंत, अन् वरून अजून इतभर. काळी कुळकुळीत, सापावानी डोकं. कडूबाभाऊनं गमछ्यात धरून तिले वर घेतली अन् डोंग्याच्या बुडाशी पानी साचेल होतं त्याच्यात ठेवली. आम्ही चौघंबी नुसतं पाहत राह्यलो.

मंग कडूबाभाऊनं हात ओले केले. म्हने, "चला, सोडू."

तवा आम्हाले आठवलं का हा पयला हाये.

चाचा म्हने, "कडूबाभाऊ, फोटो."

"दुसरा पकडा."

"दुसरा कधी लागीन? तीन वाजाले आले. चारची मोटार हाये त्याची."

गनी म्हने, फोटो काढून घेऊ अन् मंग आनून सोडू, तिले काय समजते जमिनीले लागली का नाई. कडूबाभाऊनं वल्हं उचललं अन् डोंगा काठाकडं वळवला. चाचाले म्हने, "गुडघाभर पान्यापर्यंत नेतो. मरळ हाये, हवा घेते, तोवर जगते. फोटोवाल्याले पान्यात बलावा. डोंग्यातच काढ म्हना फोटो."

आता तुम्हीच सांगा, तो बूटवाला पान्यात येते का? गुडघाभर पान्यात डोंगा थांबला अन् तो काठावरूनच हात हालवून राह्यला. "डोंगा हालते, फोटो हालन. मासा घेऊन इकडं या. दोन मिनिटाचं काम हाये."

जमीन दहा पावलावर होती.

चाचानं जोतं सोडलं, मरळ दोन्ही हातावर घेतली अन् उभा राह्यला. कडूबाभाऊकडं पाह्यलं. कडूबाभाऊ म्हने, "डोंगा तुम्ही भाड्यानं घेतला, मासा तुम्ही पकडला. मी काय बोलू." अन् पाठ फिरवून बसला, बाभळीच्या शेंड्याकडं पाहत. त्याच्या पाठीवर डांबराचे डाग होते. सहा महिने खपला होता बिचारा त्या डोंग्यासाठी.

चाचानं एक पाय पान्यात टाकला.

अन् तवर गुलनार आली. फ्रॉक एका हातात धरून, पानी तुडवत. फोटोवाला मांगून हाका मारून राह्यला, तिनं आयकलं नाई. डोंग्याले धरून उभी राह्यली अन् मरळीच्या तोंडासमोर तोंड नेलं. हात लावला. मरळीनं शेपटी हापटली तं तिच्या तोंडावर पानी उडालं.

म्हने, "अब्बा, तिथला याच्यापेक्षा मोठा होता?"

चाचा तसाच, एक पाय पान्यात, एक डोंग्यात. म्हने, "मोठा होता. पर तो म्या नोता पकडला, बेटा. साहेबानं पकडला. मी त्या नावेवर चहा देत होतो. साहेबाले बांधेल होतं, त्याले हात सोडता येत नोता, तं मी त्याच्या तोंडाले कप लावला."

गनी खाली पाहत होता. मले वाटलं आता पोट्टी रडते.

"अन् हा?"

"हा माह्यावाला हाये."

"मंग चला ना, फोटोवाला बलावून राह्यला."

"हा सोडा लागते. कडूबाचाचाचा डोंगा नवा हाये. पयला मासा जमिनीले लागू देत नाईत."

तिनं इचार केला. काठाकडं पाह्यलं, फोटोवाल्याकडं, मंग मरळीकडं. मी सांगतो ना तुम्हाले, लहान पोरीच्या तोंडावर एवढा इचार मी पुन्हा नाई पाह्यला. आठ दिवस तिले पोट्ट्यांनं मासोळी म्हनून चिडवलं होतं. म्हने, "मंग मीबी धरू?"

चाचानं पाय वापस डोंग्यात घेतला. खाली बसला. गुलनारनं पान्यातून हात मरळीच्या पोटाखाली घातले, चाचानं डोकं धरलं, अन् दोघायनं तिले पान्यात टेकवली. हात काढले तरी ते जराशी तथीच थांबली, आपल्याले सोडलं हेच तिले समजलं नसन. मंग पानी हाललं अन् गेली. कडूबाभाऊनं पाठ फिरवेलच होती, पर वल्ह्यानं पान्यावर एक थाप मारली, हळूच.

अन् बरोब्बर तवाच फोटोवाल्यानं फोटो काढला. आम्ही म्हनलं काऊन काढला, तं म्हने मोटारीचा टाइम झाला. फोटोत काय होतं? आमच्या सगळ्यायच्या पाठी, चाचाची टोपी अन् गुलनारची येनी. मासा नाई. चाचानं घेतला तरी तो.

सोमवारी गुलनार शाळेत उभी राह्यली अन् सगळं खरं सांगितलं. अब्बांनं तिथं चहा दिला, मासा इथं पकडला, अन् सोडून दिला. वर्ग आधीपेक्षा जास्त हासला. एवढी मोठी मरळ कोनी सोडते का, असं म्हनून. समुद्रातला मासा निदान दूरचा होता, हा तं तीन कोसावरचा. अर्जुनराव तं दुकानातून उठून चाचाच्या टोपल्यापाशी आले. म्हने, "रहेमतभाई, आजवर लांबचं फेकत होते, आता जवळचंबी फेकाले लागले का?"

मी तथीच होतो, गाजर खात. मले बोलावसं वाटलं का अर्जुनराव, मी होतो त्या डोंग्यात. पर गुलनार टोपल्याच्या मांगून उठली. तिनं दोन्ही हात पसरले, जेवढे पसरत तेवढे.

"एवढा होता," म्हने. "हात पुरत नाईत माहे."

"अन् कोनं पाह्यला?"

"म्या धरला होता त्याले."

अर्जुनरावनं तिच्या हाताकडं पाह्यलं, मंग चाचाकडं. चाचा त्यायचे वांगे तोलून राह्यला होता, खाली मान घालून, अन् हासून राह्यला होता. तसा हासताना त्याले मी त्याच्या आधी कधी पाह्यलं नोतं.