वाइन मुरली का?

माझं नाव सरूबाई. नवऱ्याचं नाव बाबुराव, पण माझ्या तोंडी ते नुसते 'हे'. मुंबईच्या एका क्लबात हे तीस वर्षं दारूच्या तळघराचे कारभारी होते. फ्रान्सची तांबडी वाइन कधी प्यायला काढायची आणि कधी आणखी ठेवायची, ते ह्यांनी वास घेऊन सांगावं आणि साहेबांनी मान डोलवावी. निवृत्त होऊन आम्ही भाईंदरला मोरवा गावात दोन खोल्या घेतल्या, तरी क्लबाचं ह्यांच्या नाकावाचून अडायचंच.

अडुसष्टच्या फेब्रुवारीत क्लबाने एक बाटली घरी पाठवली. एकोणसाठ सालची. तसल्या दहा पेट्या पडून होत्या. त्या मेजवानीला काढायच्या, ठेवायच्या की वाया गेल्या म्हणून फेकायच्या, ते ह्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं होतं. दारूबंदीचे दिवस; ह्यांच्याकडे परवाना होता, तरी मी आधी दार लावून घेतलं.

ह्यांनी पेल्यात घोटभर ओतली आणि पांढऱ्या पंचासमोर पेला तिरपा धरला. "कडेला विटकरी रंग यायला लागलाय, म्हणजे वय दिसतंय," म्हणाले. मग पेल्यात नाक घातलं आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं?"

"वासच येत नाही गं. दिवाळीत ताप आला ना, तेव्हापासून गेलाय. जिभेला नुसतं तुरट लागतंय, पुढचं काही कळत नाही."

म्हणजे तीन महिने हा माणूस माझ्या आमटीला उगीचच वाहवा करत होता! आधी राग आला, पण तो टिकला नाही. सगळी अब्रू त्या नाकावर होती आणि बिचारा एकटाच घाबरत बसला होता.

"आणा, मी सांगते," मी म्हणाले. दारूचा थेंब कधी घेतला नव्हता. पण लोणचं मुरलं की नाही, ते आळीतल्या बायका मलाच विचारतात. मी घोट घेतला. "शी! गंजका खिळा चोखल्यासारखं लागतंय!"

ह्यांचा चेहरा पडला. "मग गेली. दहाही पेट्या गेल्या." तरी सवयीने, हवा लागू नये म्हणून, त्यांनी उरलेली वाइन औषधाच्या लहान बाटल्यांत काठोकाठ भरली आणि बुचं घट्ट बसवली.

सकाळी हे कोट चढवत होते. एका घोटावर दहा पेट्या फेकायच्या, हे माझ्या मनाला पटेना. चहाही घेतला नव्हता. तोंड धुऊन पुन्हा घोटभर घेतली, तर लोखंडाचा मागमूस नाही!

"अहो, थांबा! काल मंदाने आणलेल्या सुक्या बोंबलांची चटणी खाल्ली होती मी."

शेजारची मंदा काल टोपली घेऊन आली होती. "काकी, उत्तनचे बोंबील हायेत, घ्या," म्हणून वाटाभर देऊन गेली होती. घरभर बोंबलांचा वास सुटला होता आणि ह्यांना पत्ता नव्हता.

ह्यांनी कपाळावर हात मारला. "मासळीवर तांबडी घेतली की लोखंडासारखीच लागते! तीस वर्षं साहेबांना हेच बजावत आलोय मी." मग पुन्हा पेला पुढे केला. "आता सांग."

"मुरायला लागलीय. पण तुरटपणा अजून वेगळा लागतोय, आत मिसळला नाही. लोणचं असतं तर मी बरणी उघडली नसती."

ह्यांनी पुन्हा रंग पाहिला. "आणखी तीन वर्षं," म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी परत आले. "पेट्या ठेवताहेत. सेक्रेटरीला सांगून टाकलं, नाक गेलंय, चव बायकोने घेतली."

"कशाला सांगितलंत? हसले असतील सगळे!"

"हसले थोडे. पण खोटं बोलून तुझी चव माझ्या नावावर कशी खपवू?"

मी फणकाऱ्याने आत गेले, पण मनातून फार बरं वाटलं.

एकाहत्तरला त्याच पेट्यांतली दुसरी बाटली आली. मी दोन दिवस घरात मासळी येऊ दिली नाही; मंदा फुरंगटली. पहिला घोट घेतला आणि गिळून संपवावासा वाटेना, इतका छान होता. तुरटपणा पार विरघळून गेला होता.

"काढा," मी म्हणाले.

ह्यांनी चिठ्ठी लिहिली, सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "तू पण कर. चव तुझी आहे." मी सावकाश, एकेक अक्षर जपून नाव लिहिलं. मग उरलेली बाटली आम्ही दोघांनी संपवली. प्रत्येक घोट कसा लागतोय ते मी सांगत गेले आणि हे डोळे मिटून पीत राहिले.