अवसेचं दूध

"आलं! दूध आलं!" कुणीतरी आरोळी ठोकली आणि माणसांचा लोंढाच्या लोंढा ओढ्यात उतरला. पलूसजवळच्या आमच्या गावात दर अवसेला सकाळी ओढ्याचं पाणी पांढरंफेक व्हायचं. ते देवीआईचं दूध, डोळ्यांना लावलं की दुखणं जातं, असं सगळे मानायचे. बायका ओचे खोचून पाण्यात शिरायच्या, हळद उधळायच्या आणि ती पिवळी हळद डोळ्यांदेखत लाल व्हायची. हळदीचं कुंकू! मग घंटा, शंख आणि जयराजबाबाचं तोंड.

"पिवळं म्हंजे दुखणं, लाल म्हंजे सुख!" बाबा देवळाच्या पायरीवरून ओरडायचा. "डॉक्टर थेंब देतोय, आई धार देतीया! थेंब मोठा का धार मोठी?"

"धार मोठी!" सगळे एका सुरात.

हा बाबा पूर्वी कराडला पाण्याच्या मोटारींच्या जळक्या तारा बदलून द्यायचा. तिथं मोटारी जाळल्या, इथं येऊन माणसं जाळायला लागला.

मी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, हे सातवीच्या पोरांना मीच दाखवते. म्हणून मी बाबाच्या मुठींवर डोळा ठेवून उभी होते. पण तो मेला पाण्याला हातच लावत नव्हता.

"काय राजमतीबाई, सापडला का चुना?" शेजारचे नाथाजी हसले. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. शेजारी त्यांची चौथीतली नात, अंकिता. आई नसलेली पोर. तिच्या उजव्या डोळ्यात लहानपणीच फूल पडलेलं, पण डाव्या डोळ्यानं ती फळ्यावरचं सगळं धडाधड वाचायची.

"नाथाजीआप्पा, पोरीच्या ऑपरेशनची मिरजेची तारीख मिळालीय ना? मग हे कशाला?"

"तारीख हाय की. पर आदी आईचं बघू. गुण न्हाई आला तर न्हाई, बिघडतंय काय?"

एवढं बोलून त्यांनी ओंजळ भरली आणि पोरीच्या दोन्ही डोळ्यांवर मारली. अंकिता किंचाळली. अजून ऐकू येतं मला ते.

"आग हुतीया म्हंजे दोष जळतोय! धरा तिला, आनी मारा!" बाबा गरजला. मी बाटलीतलं साधं पाणी घेऊन धावले, तर बायकांनी मला मागं ओढलं. देवाचं काम मोडू नका म्हणाल्या.

मिरजेच्या डॉक्टरांनी डोळे तपासून विचारलं, "चुना गेला की कॉस्टिक?"

"आईचं दूध," नाथाजी म्हणाले.

चांगला डोळा जळाला होता. उजवाही इतका भाजला होता, की त्याचं ऑपरेशन करायलाही आता अर्थ उरला नव्हता.

कॉस्टिक! परतीच्या वाटेवर तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. गावाबाहेर लालासाहेबांची डेअरी आहे. तिथली दुधाची यंत्रं आणि नळ कॉस्टिक सोड्यानं धुतात, आणि हा सोडाही चुन्यासारखीच हळद लाल करतो. आणि आमच्याकडे गाडी असो की यंत्र, धुवायचं आणि नारळ फोडायचा तो अवसेलाच! डेअरीही अवसेलाच सगळी यंत्रं बंद ठेवून धुऊन काढायची. आईला पंचांग कळत होतं असं आम्हाला वाटायचं. पंचांग डेअरीला कळत होतं!

अंकिताचा बाप वीरधवल त्याच डेअरीत फिटर. त्यानं मला मागच्या बाजूला नेलं. नियम असा, की असलं पाणी आधी टाकीत साठवायचं, त्याचा दाहकपणा मारायचा, स्वच्छ करायचं आणि मगच बाहेर सोडायचं. टाक्या होत्या की! बांधीव, झकास. आत कडबा रचलेला.

"लाइटबिल परवडत न्हाई म्हणतात मालक," तो म्हणाला. "तपासणी यायची झाली की कडबा काढतो, पाणी घुसळायचं पंखं चालू करतो."

"आणि एरवी?"

त्यानं एका व्हॉल्व्हकडे बोट केलं. तिथून जमिनीखालून पाइप थेट ओढ्यात, देवळाच्या वरच्या अंगाला. "अवसेला भोंगा झाला की मी ह्यो खोलतो."

"अरे, मग तुला ठाऊक होतं की!"

"पांढरं पाणी आपलं हाय, हे ठाऊक हुतं बाई. पर हळद लाल हुती, ती आईची करणी वाटायची. मला वाटलं, आईनं आपलं घाण पाणीबी पावन केलं..." बोलता बोलता तो थांबला. त्यानं व्हॉल्व्हकडे पाठ फिरवली.

पुढच्या अवसेला भोंगा झाला. भोंग्याबरोबर बाबाची आरती सुरू झाली, नेहमीसारखी. हळद उधळली. पाणी नितळ, हळद पिवळीच.

"विटाळ झालाय कुनाचा तरी!" बाबानं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या बाईला हाकला!"

"बाईला कशाला हाकलतोस?" काठावरून वीरधवल खाली उतरला. हातात डेअरीचा कॅन. "मी आज व्हॉल्व्ह खोलला न्हाई. तुजी आई ह्या कॅनात हाय." त्यानं परातीत हळद टाकली, वर कॅनातलं पाणी ओतलं. हळद लाल झाली. "हे मशिनी धुतल्यालं पाणी. मी सोडत हुतो, आनी माज्या पोरीच्या डोळ्यात गेलं."

मी लिंबू कापून परातीत पिळलं. कुंकवाची परत हळद झाली. सोडा लाल करतो, आंबट परत पिवळं करतं, एवढंच ते नवल, मी सांगितलं. बाबा कधी सटकला कुणाला कळलंसुद्धा नाही.

नाथाजींची बायको लीलाबाई अंकिताचा हात धरून पुढं आली. परातीत वाकून बघितलं आणि मला म्हणाली, "लिंबानं हळद परत पिवळी झाली बाई. माज्या पोरीच्या डोळ्यात काय पिळू?"

मी लिंबाची फोड खाली ठेवली. नाथाजी पाण्याच्या कडेला गुडघ्यांत डोकं घालून रडत होते.

प्रदूषण मंडळाची डेअरीला नोटीस आली, कडबा निघाला, पंखे आता रोज फिरतात. फळा दिसत नाही म्हणून अंकिताची चौथी सुटली; ती माझ्याच वर्गाबाहेर बसून धडे ऐकते. लोकहो, ओढ्याला नवल दिसलं तर हात जोडायच्या आधी काठाकाठानं वर चालत जा. पाणी कुठून येतं ते बघा, कुणी सोडलं ते विचारा, आणि सोडणाऱ्याला नियम पाळायला लावा. तो पाइप देवळापासून हाकेच्या अंतरावर होता. आमच्यातलं एकही माणूस तिथवर गेलं नाही.