टेकडीवरचा हवाखाऊ पंप

मित्रांनो, टेकडीवरच्या खोपटात घरघरणारा जो म्हातारा पंप तुम्हाला दिसतो आहे, तो मी. म्हातारा म्हटलं म्हणून हसू नका. तुमच्यापैकी कुणी आयुष्यभर नुसती हवा खाऊन दाखवावी, मग बोलू.

माझा जन्म स्वीडनमधल्या एका कारखान्यात झाला. कारागिरांनी माझ्या पोटात मोटर बसवली, डोक्यावर अळंबीसारखी टोपी घातली आणि टोपीखाली एक नळी जोडली. त्या नळीच्या तोंडाशी वाटोळा पांढरा कागद लावतात. मी हवा ओढली की हवा पुढे निघून जाते आणि तिच्यातले कण कागदावर अडकून राहतात. तो कागद म्हणजे माझी जीभ. दर आठवड्याला नवी कोरी जीभ मिळणारा प्राणी तुम्ही दुसरा पाहिला असेल तर मला कळवा. एवढ्या जिभा मिळाल्या, पण बोलता मात्र एकदाही आलं नाही.

मग बोटीने मी नॉर्वेच्या पार उत्तरेला, क्वितनेसला आलो. मूठभर घरं, एक प्रयोगशाळा, एक जेवणघर. हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवत नाही. इथल्या बर्फावरची हवा म्हणजे काहीच नसलेली हवा, असं पुष्कळांना वाटतं. अहो, काहीच नसतं तर मी इतका लठ्ठ झालो असतो का?

शरदातल्या वादळांत समुद्राचं मीठ येतं. उन्हाळ्यात समुद्रातल्या बारीक शेवाळातून वायू निघतो आणि त्याचे इवलेसे कण होतात. कड्यावरच्या पक्ष्यांच्या शिटेतला उग्र वायू त्यांना मिळाला की ते चांगलं बाळसं धरतात. पाहुण्यांसमोर मी हा पदार्थ कशाचा आहे ते सांगत नाही. एकदा तर आफ्रिकेतलं अख्खं वाळवंट माझ्याकडे जेवायला आलं. उंटासकट आलं असावं, कारण नळीत केस सापडला. जेवणघरातली योरुन म्हणते, तो मला तेलपाणी करणाऱ्या टोरलाइफच्या कुत्र्याचा होता. म्हणू दे.

पण हिवाळ्याच्या अखेरीस जे येतं, त्याची थट्टा मला करवत नाही. तेव्हा इथे धुऊन काढायला पाऊस नसतो. हवा थंडगार आणि निपचित पडलेली असते. दक्षिणेकडच्या दूरदूरच्या भट्ट्यांचा धूर बर्फावरून सरकत येतो आणि मुक्काम ठोकतो. काजळी, गंधकाची आंबट चव, शिसं, आर्सेनिक. ओढायचं की नाही हे माझ्या हातात नाही. कळ दाबलेली असली की मी ओढतो.

माझी देखभाल टोरलाइफ करायचा. खांद्यावर अस्वलासाठी बंदूक, खिशात तेलाची डबी. त्याची बायको आसलाउग हिने स्वेटर विणून उरलेला लाल लोकरीचा धागा छपराबाहेर डोकावणाऱ्या माझ्या टोपीला बांधला होता, वारा कळावा म्हणून. पुढे आसलाउग वारली. धागा राहिला, आणि तिची एक रीतही राहिली. सूर्य परत येतो त्या दिवशी योरुन सर्वांसाठी गोड पाव तळते, आणि टोरलाइफ खाली किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडांचा जाळ करायचा. आसलाउगने सुरू केलेला जाळ. त्याआधी तो माझ्याकडे येऊन धागा बघायचा. धागा समुद्राकडे फडफडत असला, म्हणजे धूर माझ्याकडे येणार नाही, तरच काडी ओढायची. नाहीतर सूर्याला म्हणायचा, "उद्या ये रे बाबा." त्यामुळे इतक्या वर्षांत त्याच्या जाळाचा एक कणही माझ्या जिभेला लागला नव्हता.

मग सुन्निवा आली. प्रयोगशाळेत नवी, शिकलेली, कामाला वाघ. त्या वर्षी सूर्य आला, धागा दिवसभर समुद्राकडे ताणलेला होता, जाळ झाला. दुसऱ्या दिवशी सुन्निवाने माझा कागद काढला, तो कॉफीच्या चोथ्यासारखा काळा.

"टोरलाइफ, हा तुझा जाळ," ती म्हणाली.

"वारा बघितला होता मी, पोरी."

"पेटवताना बघितलास. पण नंतर? दिवसभरात एकदाही उलटा फिरला नाही, हे छातीवर हात ठेवून सांगशील?"

क्वितनेसच्या माणसांची एक खोड आहे. जे स्वतः पाहिलं नाही, ते सांगत नाहीत. "नाही सांगता येणार," टोरलाइफ म्हणाला. "कॉफी प्यायला आत गेलो होतो मी."

मी पाहिलं होतं, मित्रांनो! मी घरघरलो, थरथरलो, नळी खडखडवली. टोरलाइफने प्रेमाने माझ्या पट्ट्याला तेल घातलं.

जवळचा धूर लागलेला कागद तपासायचा नाही, टाकून द्यायचा, असा तिथला नियम. अशुद्ध ते शुद्धात मिसळू नये म्हणून. सुन्निवाने कागद कचऱ्यात टाकला आणि त्याबरोबर त्या आठवड्याचं खरंही गेलं. जेवणघरात सगळे बसले आणि ठरलं, यापुढे जाळ नाही.

"त्या पंपाला एवढं सोवळं असेल तर त्याला माझ्या स्वयंपाकाचा वासही नको होईल," योरुन म्हणाली. "मग जेवा कच्चे मासे."

"राहू दे योरुन," टोरलाइफ म्हणाला. "पोरगी तिचं काम करतेय."

पुढच्या वर्षासाठी जमवलेली लाकडं त्याने उलट्या घातलेल्या होडीखाली रचून ठेवली. शरद येईतो त्याचे गुडघे कुरकुरायला लागले. क्वितनेसला म्हातारपण काढायची सोय नाही. शेवटच्या बोटीने तो बहिणीकडे ट्रोम्सोला गेला. जाताना वर आला, माझ्या टोपीवरचा बर्फ झटकला, धाग्याची गाठ घट्ट केली.

पुन्हा सूर्य आला. पाव झाले, जाळ झाला नाही. आणि माझा कागद पुन्हा काळा.

सुन्निवा तो कागद उजेडात धरून बराच वेळ उभी राहिली. मग ती खाली जेवणघरात गेली. तिथे काय झालं ते योरुनच मागाहून धापा टाकत वर येऊन मला ऐकवून गेली.

"मला विचारते, तू काय तळलंस? म्हटलं, पाव तळले, बाई, रेल्वेचं इंजिन नाही तळलं. आता टोरलाइफ इथे नाही, तर मी सापडले होय?"

या वेळी सुन्निवाने कागद टाकला नाही, तपासला. लाकूड जळलं की त्याच्या धुरात एक विशिष्ट साखर सापडते. ती जवळजवळ नव्हतीच. होतं गंधक, शिसं, आर्सेनिक, काजळी. त्या आठवड्याचे वारे तिने उलटे मागे मागे नेऊन पाहिले. ते बर्फावरून, समुद्रापलीकडून, दूरच्या भट्ट्यांच्या मुलखातून आले होते.

खोपटातल्या भिंतीवर फोन आहे. तिने तिथूनच ट्रोम्सोला लावला.

"टोरलाइफ, या वर्षीचा कागद काळा निघाला. लांबून आलंय सगळं. गेल्या वर्षीचंही बहुतेक..." ती थांबली. "पण तो कागद मी टाकला. आता सांगता येणार नाही."

"नाहीच येणार," पलीकडून टोरलाइफ म्हणाला.

"पण माझं चुकलं, एवढं सांगता येईल."

मग तो म्हणाला, "होडीखालची लाकडं वाळली असतील आता."

"तू ये ना परत. उन्हाळ्यात ये."

"गुडघे मला न्हाणीपर्यंत नेत नाहीत, पोरी, आणि तू म्हणतेस क्वितनेसला ये. तू पेटव. धागा बघ मात्र."

सुन्निवाने बाहेर येऊन धागा बघितला. तो समुद्राकडे ताणलेला होता. ती खाली निघाली, चार पावलं गेली, थबकली आणि परत आली. पोरगी कामाला वाघ, म्हटलं ना. वारा फिरला तरी धूर माझ्यात जाऊ नये म्हणून आत येऊन तिने माझी कळ बंद केली. माझं पोट थंड झालं आणि डोळ्यांपुढे अंधार आला.

मित्रांनो, तुम्ही कुठेही राहत असा, तुमच्या गावातून निघालेला धूर कुठेतरी जाऊन बसतोच. त्यातला काही इथवर येतो, आणि मला तो नाकारता येत नाही. तेव्हा चूल असो की कारखाना, पेटवण्याआधी एकदा वारा बघत जा. आणि कुठे काळं दिसलं तर सर्वांत जवळच्या माणसाचा हात धरू नका. मुक्या यंत्राच्या जिभेवर काय आहे, ते आधी तपासा.

मला जाग आली तेव्हा टोपीखाली कोरा पांढरा कागद होता आणि किनाऱ्यावरची राख निवली होती. योरुन सांगत होती, जाळ उंच झाला, धूर सरळ समुद्रावर गेला, अगदी आसलाउगच्या वेळी जायचा तसा.

असेल. मी हवा ओढायला लागलो. नुसतं मीठ होतं.