अंगाऱ्यातली गोळी

ठाणाकुशनूरच्या पारावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध अंकुशरावांची सून शिवकन्या बसलेली. मान उजवीकडं पिळलेली, डोळे वर फिरलेले, हात राहून राहून झटके देत होता.

"बोल, कुणी धाडलं तुला?" जगदेवप्पा महाराज ओरडला.

जबडा आखडलेली पोरगी काय बोलणार? मग तिच्या वतीनं तोच बोलला, "भागाबाईनं करणी केलीया!"

भागाबाई एकटी राहणारी विधवा. महाराजाचा अंगारा तिनं भर पारावर नालीत टाकला होता. चौघांनी दार फोडून तिला फरफटत आणलं. तिचं कपाळ फुटलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मीही नुसता बघत उभा होतो.

दवाखान्यातली नर्स पंचशीला मधे घुसली.

"अण्णा, हिला कवापासून असं व्हायलंय?"

"काल सांजपासून," अंकुशराव म्हणाले. "मळमळायलंय म्हनून अप्पाचा अंगारा दुधातनं दिला."

"म्हंजे अंगारा आदी, झटके मागून. गेल्या महिन्यात गावातल्या स्नेहाचंबी अंगारा खाऊन असंच झालं, मग अप्पाच्या तीर्थानं उतरलं ना?"



"तुमी देवच मानत न्हाई, तुमाला काय कळायलंय?" महाराज फिसकारला.

पंचशीलानं तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांना विचारून शिवकन्येला इंजेक्शन दिलं. वीसेक मिनिटांत मान सरळ झाली. पोरगी रडतच म्हणाली, "मी शुद्धीवरच होते. समदं ऐकू येत होतं. भागाबाईनं मला कायबी केलं न्हाई."

"अप्पा, आता चमचाभर अंगारा तुमी खावा," पंचशीला म्हणाली.

"माझा उपास हाय!"

अंकुशरावांनी त्याची झोळी उलटी केली. गोळ्यांच्या दोन प्रकारच्या पट्ट्या पडल्या.

दुपारी डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं, "मेंदूत डोपामिन नावाचं रसायन ज्या जागी काम करतं, त्या जागा यातली एक गोळी अडवते. मानसिक आजारात ती जपून देतात. तरीही काहींचे, विशेषतः तरुणांचे, स्नायू आखडतात, झटके येतात. दुसरी गोळी त्यावरचा उतारा. पहिली याच्या अंगाऱ्यात, दुसरी याच्या तीर्थात."

म्हणजे भूत तोच घालत होता आणि काढतही तोच होता.

पोलिसांनी महाराजाला नेलं. भागाबाईच्या कपाळाला सात टाके पडले. ते जगदेवप्पानं एकट्यानं नाही पाडले. आम्ही सगळ्यांनी पाडले. काय खाल्लं, कधी खाल्लं, त्यानंतर काय झालं, एवढं विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. कुणाला झटके आले तर त्याला दवाखान्यात न्या. कुण्या बाईचं दार फोडायला जाऊ नका.