काळ्या केसांची बाहुली

स्वतंत्र माणसाची बाहुली आणि गुलामाचा गोळा. रोममधल्या शेंबड्या पोरालाही हे पाठ असतं. चौकाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने लोकरीचं काहीतरी करून चौकातल्या देवळीवर टांगायचं. मानिया देवी येते, ते घेऊन जाते आणि जित्या माणसाला हात लावत नाही. बाहुलीला नाकडोळे असतात, गोळ्याला काही नसतं. गुलामाला कसला आलाय चेहरा!

पोरसवदा वयात विकत आली तेव्हापासून लीडेने एकेचाळीस वर्षं गोळाच टांगला. यंदा पहिल्यांदाच बाहुली टांगायची होती.

शरद ऋतूत मालकीणबाई नुमिसिया वारल्या आणि मृत्युपत्रात लीडेला मुक्त करून गेल्या. "नशीब काढलंस," असं जो तो म्हणाला. वाडा पुतण्याला गेला आणि बाकीचे सात गुलामही वाड्याबरोबर गेले. लीडेला माशाच्या दुकानावरची एक खोली मिळाली. पहिल्या सकाळी ती अंधारात दचकून उठली, चूल पेटवली, आणि मग तिच्या लक्षात आलं की पाणी तापवायचं ते कुणासाठी? झोपताना शिव्या घालायलाही कुणी नव्हतं. वाड्यावर डोकावली, तर ज्यांच्याबरोबर जन्मभर एका ताटात जेवली तेच आता अदबीने बाजूला सरकून बोलू लागले. सुटका म्हणतात ती ही! चार दिवसांत तिने तिकडे जाणं सोडलं.

"काय नुमिसियाबाई!" भट्टीवाल्याची बायको ओप्पिया पाव देताना म्हणाली. सुटलेल्या गुलामाच्या रिवाजाप्रमाणे मालकिणीचं नाव आता लीडेला लागलं होतं आणि ते उच्चारताना ओप्पियाला भारी मजा वाटे. "यंदा बाहुली ना? नाक नीट काढ हो, नाहीतर देवी म्हणायची, हा कुणाचा गोळा!"

"काढते की."

"तुझं बाई सुटसुटीत. एक जीव, एक बाहुली. माझ्या घरी सहा बाहुल्या न् चार गोळे. बोटं सुजली माझी."

एक जीव. लीडे पाव घेऊन जिना चढली, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना.

कारण जीव दोन होते. तिची पोर अम्मिया आठ वर्षांची असताना मालकांनी तिला समुद्रापारच्या हिस्पानियाच्या एका तेलाच्या व्यापाऱ्याला विकली. गुलाम बाईची पोर मालकाची असते, त्यात आईला कोण विचारतो? त्या वर्षापासून वाड्यातले गोळे करताना लीडे एक गोळा जास्त करी. आठ गुलामांचे नऊ गोळे. ते घोसात खपून जात, कुणी मोजत नसे. सव्वीस वर्षं ती पोरीसाठी एवढंच करू शकली होती आणि तेवढं तिने एकदाही चुकवलं नव्हतं.

आता घोस नव्हता. आणि दुसराच एक किडा डोक्यात शिरला होता. अम्मिया आता चौतिशीची असणार. आपल्याला सोडलं, तसं तिलाही कुणी सोडलं असेल तर? मग गोळा तिचा कसा? देवी गोळा उचलणार, आणि चेहऱ्याच्या माणसाची बाहुली नाही म्हणून पोरीलाच घेऊन जाणार! दोन बाहुल्या कराव्यात, तर एकटीच्या घरातून दुसरी बाहुली कुणाची, हे साऱ्या गल्लीने विचारलं असतं. देवाच्या दारात खोटी मोजदाद केली म्हणून देवळीच्या पुजाऱ्याने ती काढूनही टाकली असती.

बाहुली तशी तयार होती. तीन दिवस जीव ओतून केलेली. पांढऱ्या लोकरीचे केस, तपकिरी दोऱ्याचे डोळे, थोडंसं वाकडं नाक. लीडेचंच नाक ते. एकेचाळीस वर्षांनी तिला चेहरा मिळाला होता. तिने तो कितीदा हातात घेऊन पाहिला, एकदा तर खिडकीत ठेवून त्याच्याशी बोललीसुद्धा. आणि आता रडू आलं. माझा आहे गं हा, तिने मनाशी म्हटलं, एकदाच तर मिळालाय.

मग तिने डोळे पुसले, कात्री घेतली आणि पांढरे केस काढून टाकले. शालीची काळी किनार उसवली आणि त्या लोकरीचे केस लावले, दाट, दोन वेण्यांचे. चौतिशीची अम्मिया कशी दिसते ते तिला कुठून माहीत असणार? म्हणून तिने आठव्या वर्षीच्या वेण्या घातल्या. नाक तेवढं तसंच ठेवलं. उरलेल्या पांढऱ्या लोकरीचा तिने गोळा वळला. हाताला इतकी सवय होती की बघावंही लागलं नाही. देवी मला गोळा म्हणूनच ओळखते, तिने स्वतःला समजावलं. आणि नाहीच ओळखलं तर नेईल मला. नेऊ दे.

संध्याकाळी चौकात ही गर्दी. मध घातलेल्या गोड पोळ्यांचा वास सुटला होता. लीडेने बाहुली टांगली आणि ओठांत पुटपुटली, "अम्मिया." मग शेजारी गोळा टांगला. त्याचं नाव घ्यायची गरज नव्हती.

"अगंबाई, काळे केस!" ओप्पिया मागून खिदळली. "म्हातारपणी हौस बघा बाईची!"

"पहिल्यांदाच आहे ना," लीडे म्हणाली.

"आणि हा गोळा? अगं, गुलाम घेतलीस? आणि मला पत्ता नाही!"

लीडेने क्षणभर गोळ्याकडे पाहिलं. "घेतली."

"कशी आहे?"

"म्हातारी आहे."

"मग कशाला गं घेतलीस? कामाला उठते तरी का?"

"न उठवता उठते. एकेचाळीस वर्षांची सवय आहे तिला."

"बरं झालं बाई," ओप्पिया तिच्या हातावर पोळीचा तुकडा ठेवत म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "एकटीला घर खायला उठतं. तुला सोबत झाली."

"झाली खरी," लीडे म्हणाली. तिने पोळीचा तुकडा शालीच्या टोकात बांधला आणि अंधार पडायच्या आत ती एकटीच घरी निघाली.